तीन, चार की पाच?

जीपचं इंजिन बदललं असं सांगितलं की लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. कितीला पडलं? अ‍ॅव्हरेज किती देते? आणि पासिंगचं काय केलंत? कसालच्या तिठ्यावर चहा पिताना गेल्या वर्षभरात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी इतक्या वेळा दिली आहेत की आता टपरीवालाच माझ्या वतीने देतो. पण गिअरबॉक्स कुठला टाकलात, हे आजपर्यंत फक्त दोघांनी विचारलं. एक कुडाळ एमआयडीसीतला लेथवाला आणि दुसरा मिशिगनमधला माझा चुलतभाऊ. म्हणून म्हटलं, या न विचारलेल्या प्रश्नावर एकदा सविस्तर लिहून टाकू. घरच्या मंडळींनाही कळेल की वर्षभर मी नेमकं काय करत होतो.

आधी गाडीची ओळख. महिंद्राची सीजे-३बी. उंच बॉनेटवाली जुनी जीप. बॉनेट उंच असण्याचं कारण तिचं मूळ पेट्रोल इंजिन, विलिजचं 'हरिकेन', २१९९ सीसी. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि त्यावर झाकण घालायला बॉनेटही उंच करावं लागलं. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं, तिथे त्याचं उत्पादन कधीच थांबलं, पण आपल्याकडे महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षं बनवलं. आमची जीप बाबांनी लिलावात घेतली. नव्वदच्या दशकात, जेव्हा कोकणातली प्रत्येक पेट्रोल जीप डिझेलवर जात होती, तेव्हा आमचीही गेली. आरसीवर तशी नोंदही तेव्हाच झाली. पण गिअरबॉक्स मात्र मूळचाच राहिला. मधे एक अडॅप्टर प्लेट टाकली आणि डिझेल इंजिन त्याच तीन गिअरच्या पेटीला जोडून दिलं. टी-९० म्हणतात त्याला.

तीस वर्षं ही जोडी चालली. ओढूनताणून चालली असं आता म्हणता येईल.

टी-९० चं गणित सरळ आहे. पहिला गिअर २.८०, दुसरा १.५५, तिसरा सरळ १. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनाने २.८० फेरे मारले की पेटीच्या मागच्या टोकाचा एक फेरा होतो. त्यापुढे आमच्या जीपच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८. मी चाकावर खडूची खूण करून अंगणात एक फेरा मोजला, तो भरला दोन मीटर वीस सेंटीमीटर. एवढ्या आकड्यांवरून वहीत सगळं मांडता येतं. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे हजार फेरे झाले की गाडीचा वेग साडेचोवीस किलोमीटर. साठने जायचं तर अडीच हजाराला थोडे कमी फेरे. ऐंशीने जायचं तर सव्वातीन हजार, आणि तिथे आमचं डिझेल इंजिन गाडी ओढण्यापेक्षा बोंबलण्याचं काम जास्त करतं.

खरी पंचाईत टॉप गिअरमध्ये नव्हतीच. ती होती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या खड्ड्यात. समजा फोंडा घाट चढतोय. पुढे ट्रक आहे, वळण आलं, वेग पंधरावर आला. दुसऱ्या गिअरमध्ये पंधराच्या वेगाला इंजिनाचे फेरे उरतात साडेनऊशे, म्हणजे ते धापा टाकत मरायला टेकलेलं. पहिला टाकला तर सतराशे, झकास. पण या पेटीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत तो घालायचा म्हणजे क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटर मारून इंजिनाचा वेग वाढवा, परत क्लच दाबा आणि मग दांडा ढकला. डबल क्लच. जमलं तर लोण्यातून सुरी जाते तसा जातो. नाही जमलं तर अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असा कर्रर्र आवाज.

पेट्रोल इंजिन असताना हा खड्डा एवढा जाणवत नसे, कारण पेट्रोल इंजिन खालपासून वरपर्यंत बऱ्याच पट्ट्यात काम करतं. जुन्या डिझेलचा कामाचा पट्टा अरुंद. त्याला गिअर जवळजवळ हवेत. म्हणजे इंजिन बदललं तेव्हाच पेटी बदलायला हवी होती. पण तेव्हा सगळ्यांचंच लक्ष पेट्रोल आणि डिझेलच्या दरातल्या फरकाकडे होतं.

बाबा मात्र हा डबल क्लच असा मारत की शेजारी बसलेल्याला कळतही नसे. वय वर्षं ८१. डोळे शाबूत, लायसन्स शाबूत, डावा गुडघा सोडून बाकी सगळं शाबूत. आणि हीच या सगळ्या प्रकरणाची मेख आहे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की या गुडघ्यावर जोर देऊन वारंवार दाबायचं काम नको. म्हणजे क्लचच नको. पुण्याहून ताईने फोनवर लगेच निकाल दिला. जीप एखाद्या हौशी माणसाला देऊन टाका, हवी तर छोटी ऑटोमॅटिक घ्या, नाहीतर सरळ ड्रायव्हर ठेवा. ताईचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण आमची काजूची बाग घरापासून वर, जांभ्याच्या कातळावरून जाणाऱ्या वाटेच्या टोकाला आहे. तिथे छोटी ऑटोमॅटिक जात नाही. आणि बाबांच्या दिवसातून एक दिवस बाग काढून घेतली तर उरतं काय, हे मी तिथे राहतो म्हणून मला दिसतं. बाबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी जीपची किल्ली खिळ्याला अडकवली आणि आठ दिवस तिला हात लावला नाही. मी त्यांना चिडलेलं पाहिलंय, आजारी पाहिलंय. असं गप्प पाहिलं नव्हतं.

त्याच सुमाराला जुन्या इंजिनाने अखेरचा श्वास घेतला. निळा धूर, तेलाचा खर्च, वगैरे. आता काय करायचं ते ठरवणं भागच होतं.

एका जुन्या बोलेरोचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन कागदपत्रांसकट मिळालं. (कागदपत्रांचं एका वाक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ नोंदीशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं, त्यामुळे इंजिन बदलायचं तर आधी परवानगी आणि नंतर नव्या इंजिन नंबरची नोंद. आम्ही दोन्ही केलं. ज्याला करायचंय त्याने आधी आरटीओत जावं आणि नंतर मिस्त्रीकडे.) इंजिनाच्या पाठीला त्याचा स्वतःचा पाच गिअरचा बॉक्स लागूनच आला होता. फुकट म्हणा ना.

पाच गिअर! मला तर रात्री झोप येईना. घरासमोरचा महामार्ग, पूर्वीचा सतरा नंबर, आताचा सहासष्ट, चौपदरी झाल्यापासून त्यावर साठने जाणारी गाडी म्हणजे रस्त्यात उभी असलेली म्हैस. मी त्या पेटीच्या पुढच्या शाफ्टवर खडूची खूण केली, मिस्त्री दांडा पाचव्यात घालून पुढचा शाफ्ट हाताने फिरवत होता आणि मी मागचे फेरे मोजत होतो. पुढे चार फेरे, मागे जवळजवळ पाच. म्हणजे प्रमाण ०.८. वहीत मांडलं. ऐंशीच्या वेगाला सव्वातीन हजारांऐवजी सव्वीसशे फेरे. कसालहून निघालो की मुंबईपर्यंत गाणी ऐकत जाऊ, इथवर स्वप्नं पोचली.

याच दिवसांत मिशिगनच्या भावाचं आणि माझं रात्रीचं बोलणं सुरू होतं. त्याच्याकडे १९६७ ची मस्टँग आहे. अमेरिकन लोक या गाड्यांना मसल कार म्हणतात. बेताच्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन कोंबायचं, हे त्यामागचं साधं तत्त्व. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून ही लाट धरतात. (मस्टँगला काही लोक मसल कार मानत नाहीत, 'पोनी कार' म्हणतात. भावासमोर हे बोलायची सोय नाही.) तर तो आपलं जुनं २८९ क्युबिक इंचाचं व्ही-८ काढून नंतरच्या मस्टँगमधलं ३०२ टाकत होता. आणि त्याच्याही समोर हाच प्रश्न. फोर्डचा जुना चार गिअरचा 'टॉपलोडर' ठेवायचा की पाच गिअरचा टी-५ घ्यायचा?

गंमत बघा. त्याच्या टॉपलोडरचा पहिला गिअर २.७८. आमच्या जीपच्या टी-९० चा २.८०. जवळजवळ तोच! एक गाडी सिग्नलवरून सुटली की टायरचा धूर काढणारी, दुसरी कातळावरून शेणखताची पोती नेणारी, आणि पहिला गिअर एकच. फरक सगळा मागच्या आसाला. त्याच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ३, आमचं ५.३८. गुणाकार केला की त्याचे ८.३४ आणि आमचे १५. पेटीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही हे मला त्या रात्री नीट समजलं. आसाचा आकडा, चाकाचा घेर आणि इंजिनाचा कामाचा पट्टा हे सगळं शेजारी मांडल्याशिवाय पेटीबद्दल बोलणं म्हणजे नवरी न बघता शालू घेणं.

भावाने टी-५ घेतला. त्याचं गणित पक्कं होतं. टी-५ चा पहिला ३.३५, म्हणजे सुटताना जोर जास्त. आणि पाचवा ०.६८, म्हणजे तिथल्या मोठ्या हायवेवर ताशी ११० ला इंजिनाचे पावणेतीन हजार फेरे होते ते एकोणीसशेवर. म्हणजे एकाच पेटीने सुटण्याचा जोर वाढवला आणि पळण्याचा आवाज कमी केला. तोटा एवढाच की टॉपलोडर सहसा मोडत नाही, आणि टी-५ ला त्याच्या ताकदीबाहेरचं इंजिन लावून दणके दिले तर मोडतो. तिकडच्या लोकांना या पेट्यांबद्दल आपल्याकडे आंब्यांबद्दल असतं तसं प्रेम असतं. जनरल मोटर्सच्या मन्सी गावातल्या कारखान्यातली पेटी 'मन्सी' नावानेच ओळखली जाते. तिचा एम-२२ नावाचा प्रकार एवढा आवाज करायचा की त्याला 'रॉक क्रशर' म्हणायचे, म्हणजे आपली खडी फोडायची मशीन! दाते कमी तिरके कापलेले, त्यामुळे मजबुती जास्त आणि आवाजही जास्त. लोक तो आवाज ऐकायला पैसे मोजतात.

हे उद्योग फक्त हौशी लोकच करतात असंही नाही. आपल्या अँबॅसडरचंच बघा. १९५८ पासूनची गाडी, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन बसवलं. जुनी चार गिअरची पेटी त्याला पुरणार नाही हे ओळखून सोबत पाच गिअरची पेटीही दिली, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखालून काढून खाली जमिनीवर आणला. ज्यांनी ती चालवली ते अजून तिचं नाव काढतात. त्या गाडीचं यश मी तरी इंजिनाइतकंच पेटीला देतो.

एवढं सगळं पाठीशी घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो की बाबा रे, पाच गिअरच टाकायचे. मिस्त्री माझं पूर्ण ऐकतो, ही त्याची चांगली सवय. मग हात पुसत म्हणाला, "भाऊ, पाच टाकूक काय, टाकतलंय. पण तुमका हायवेर पळूचा आसा काय बागेत चढूचा आसा, ता आधी ठरवा."

आणि त्याने मापाची पट्टी काढली.

सीजे-३बी च्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच, जेमतेम दोन मीटर. त्यात इंजिन, पेटी, तिच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्स्फर केस, आणि उरलेल्या जागेत मागचा प्रोपेलर शाफ्ट. पाच गिअरचा बॉक्स आधीच्या पेटीपेक्षा चांगला वीतभर लांब. म्हणजे तो वीतभर शाफ्टमधूनच जाणार. शाफ्ट आखूड झाला की त्याचे दोन्ही जॉइंट जास्त तिरके होतात. तिरके जॉइंट थरथरतात आणि लवकर झिजतात. इंजिन पुढे सरकवावं तर समोर रेडिएटर. त्यातून ती पेटी दोन चाकांना जोर देणाऱ्या गाडीतली, तिच्या पाठीला ट्रान्स्फर केस बसतच नाही. या जुन्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसचा मुख्य दातीचाक पेटीच्याच मागच्या शाफ्टवर बसतो, म्हणजे दोन्ही एकमेकांचे नातेवाईक असावे लागतात. नवा शाफ्ट कापा, नवी प्लेट बनवा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन मशिनिंग करून आणा. होत नाही असं नाही. लोकांनी केलंय.

दुसरी गोष्ट मी मिस्त्रीला न विचारता स्वतःच स्वतःला विचारली. या जीपला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. खाली पाटे, वर कापडी टप. पाचवा गिअर मला ऐंशीचं आमिष दाखवणार आणि एखादा कंटेनर पुढे ब्रेक मारणार. पेटी जो वेग देते तो थांबवायची ऐपतही गाडीत असायला हवी. भावाने मस्टँगला पुढे डिस्क ब्रेक आधी बसवले आणि मग पेटी. मी उलट्या बाजूने निघालो होतो.

मग मिस्त्रीनेच तिसरा पर्याय काढला. महिंद्राच्याच एमएम ५४० जीपमधली चार गिअरची पेटी. तिचं नाव केएमटी-९०. एका मोडीत निघालेल्या गाडीतून ट्रान्स्फर केससकट मिळत होती. लांबीला आमच्या जागेत बसणारी. पुन्हा खडू, पुन्हा फेरे. पहिल्यात पुढे जवळजवळ चार फेरे आणि मागे एक. दुसऱ्यात साधारण २.४, तिसऱ्यात दीड, चौथा सरळ. वहीतल्या पंधराच्या वेगाच्या ओळीवर बोट ठेवलं. घाटातलं तेच वळण, तोच ट्रक. दुसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ पंधराशे फेरे. म्हणजे तो खड्डा बुजला. पहिल्यात जायचीच गरज नाही, आणि दुसऱ्यात सिंक्रो आहे, म्हणजे डबल क्लच नाही, म्हणजे एका गिअरला दोनदा गुडघा दाबणं नाही.

बागेच्या वाटेचं गणित तर याहून भारी. ट्रान्स्फर केसचा लो २.४६. जुन्या पेटीत पहिला आणि लो मिळून एकूण प्रमाण ३७. हजार फेऱ्यांना गाडी साडेतीन किलोमीटरच्या वेगाने जाते, माणूस सावकाश चालतो तेवढी. नव्या पेटीत हेच प्रमाण बावन्नच्या पुढे. वेग अडीच किलोमीटर. याचा अर्थ कातळावरच्या सगळ्यात वाईट चढावर क्लचशी खेळावंच लागत नाही. पाय पूर्ण काढून घ्यायचा आणि स्टिअरिंग धरून बसायचं. गाडी आपली चढत राहते.

क्लचचंही त्याच वेळी केलं. जुना क्लच दांडे आणि बिजागऱ्यांचा होता, तो काढून हायड्रॉलिक बसवला. बाथरूममधला वजनकाटा पेडलवर ठेवून मी आधी आणि नंतर दाबून बघितलं. आधी १८ किलो, नंतर ११. (बायकोने वजनकाटा परत बाथरूममध्ये घ्यायला नकार दिला. तो आता गॅरेजचा झाला.) डॉक्टरांना हे आकडे नेऊन दाखवले. ते हसले, पण म्हणाले की दिवसातून एक खेप, सपाटीला नाही तर बागेपुरती, आणि दुखलं की बंद. ताईला मी हे शब्दशः कळवलं. ती अजूनही पूर्ण राजी नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहिलेलं बरं, कारण ती हे वाचणार आहे.

आता एक गोष्ट जी ना मला सुचली ना मिस्त्रीला. ती बाबांच्या हाताने सांगितली.

तीन गिअरच्या पेटीत दांड्याची नक्षी अशी असते: डावीकडे वर रिव्हर्स, डावीकडे खाली पहिला, उजवीकडे वर दुसरा, उजवीकडे खाली तिसरा. चार गिअरच्या पेटीत डावीकडे वर पहिला, खाली दुसरा, उजवीकडे वर तिसरा, खाली चौथा. माझी भीती ही होती की इतक्या वर्षांची हाताची सवय या वयात बदलायची कशी? गाडी अंगणात उभी केली आणि बाबा बसले. मी नक्षी कागदावर काढून डॅशबोर्डला चिकटवली होती. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात सवयीने डावीकडे खाली गेला, म्हणजे त्यांच्या लेखी पहिला, खरं तर दुसरा. गाडी निघाली. हात उजवीकडे वर, मग उजवीकडे खाली. दुसरा, तिसरा, चौथा. कुठेही अडखळ नाही! कारण नव्या पेटीचा दुसरा २.४ आणि जुन्या पेटीचा पहिला २.८०, दोघे सख्खे शेजारी. रिकामी गाडी सपाटीला दुसऱ्यात आरामात सुटते. त्यांच्या हाताला काहीच बदललेलं नव्हतं. फक्त वर डावीकडे एक जास्तीचा, खोल गिअर येऊन बसला होता. दोन चकरा मारून उतरले आणि म्हणाले, "पयलो गिअर दगडांचो. बाकीचे तीन माझे."

पण वर डावीकडे पूर्वी रिव्हर्स होता. आणि आमच्या अंगणात जीप उभी असते तिच्या तोंडासमोर सात-आठ पावलांवर विहीर आहे. बाबा रोज सकाळी जीप मागे घेऊन मग वळवतात. म्हणजे रोज सकाळी, विहिरीकडे तोंड करून, हात जाणार वर डावीकडे, मनात रिव्हर्स आणि पेटीत पहिला. तोही एवढा खोल पहिला की कठडा आडवा आला तरी गाडी बंद न पडता त्याला ढकलत राहील. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सगळं गणित वहीत होतं, हे कुठेच नव्हतं.

उपाय तसा साधा निघाला. रिव्हर्सला बझर लावला, तो टेम्पोला असतो तसला, मोठ्या आवाजाचा. नियम एकच, बझर वाजल्याशिवाय क्लचवरून पाय सोडायचा नाही. दुसरं म्हणजे विहिरीच्या अलीकडे जांभ्याच्या चिऱ्यांचा गुडघाभर बांध घातला. आणि तिसरं, जे बाबांनी आपणहून केलं: संध्याकाळी परत आले की आता जीप उलटी लावतात, तोंड गेटकडे आणि पाठ विहिरीकडे. दिवसाउजेडी, सावकाश, मी शेजारी उभा असताना. बझर सुरू झाला की आवाजाने शेजाऱ्यांना कळतं, काका आले. "वाजला नाय तर पाय उचलूचो नाय," असं ते स्वतःशीच म्हणतात, मी ऐकतो.

पावसाळा सोडला तर सहा महिने झाले. बागेची खेप रोज होते. गुडघा दुखतो, पण आधीही दुखत होता. दोनदा त्यांनी आपणहून किल्ली माझ्याकडे दिली, आज तू चालव म्हणाले. हे तीन गिअरच्या काळात कधी झालं नव्हतं, त्याचं काय समजायचं ते मला अजून कळलेलं नाही. महामार्गावर आम्ही साठनेच जातो, डाव्या कडेने, आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून आमचं कौतुक करतात. मालवणला जाताना कट्टा-चौकेच्या वळणांवर मात्र तिसरा गिअर असा काही बसतो की मला मन्सीवाल्यांचं वेड थोडंफार कळतं.

भावाची मस्टँगही रस्त्यावर आली. त्याच्या मुलीला क्लच म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तिच्या पिढीने तिकडे सगळ्या ऑटोमॅटिकच बघितल्या. आता तो तिला रविवारी मोकळ्या पार्किंगमध्ये नेतो. परवा फोनवर विचारत होता, काका दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलतात ते क्लच न जाळता कसं, तिला व्हिडिओ करून पाठव ना. बाबांना सांगितलं तर म्हणाले की आधी तिला चढावर उभी करूक शिकव, उचलूचा मगे.

पाच गिअरचा बॉक्स मात्र अजून आमच्या खोपीत आहे. तोंडाला कापडाचा बोळा, वर ताडपत्री, दर महिन्याला मी शाफ्ट चार फेरे फिरवून ठेवतो. मिस्त्रीकडे त्याला गिऱ्हाईक आहे, दोनदा विचारून गेला. मी बघू म्हटलं.